तिसऱ्या फाटकावरची घंटी

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडायला निघाली असशील तर जरा थांब. माफी मागायला लिहीत नाहीये. आई काय बोलली ते तिचं ती बघेल, मी तिची वकिली करायला बसलेले नाही. दोन वर्षांत तुला एक फोन करावासा वाटला नाही, याचा मला राग आहे आणि तो काही गेलेला नाही. पण आज काम वेगळं आहे.

नदीकाठची वाट परत उघडली. दादा गेला आणि पाठोपाठ काठ खचला, तेव्हापासून पहिल्या फाटकाला कुलूप होतं. आता नवी खडी टाकलीय, वळणावर कठडा आलाय, गाड्यांना पूर्वीसारखीच बंदी आहे. दुकानात माणसं यायला लागलीत. कुणाला दोन तासांसाठी सायकल हवी असते, कुणाला जाड टायर बसवून हवे असतात. दातांचे डॉक्टर तर उद्घाटनाला आल्यासारखे नवीन हेल्मेट घालून हजर झाले होते. तुला ते आठवत असतील, चढ आला की उतरून फोनवर बोलायला लागायचे.

मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा गेले. एकटी. आपली फाटकांची पद्धत तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितेय, कारण सगळं एकदा ओळीने कागदावर आलं नाही तर माझं डोकं फिरेल. रानात गुरं शिरू नयेत म्हणून चार फाटकं. पुढचा फाटक उघडून निघून जातो. मागचा ते लावतो, कडी घालतो आणि दोनदा घंटी वाजवतो. पुढच्याने मागे न बघता ‘चल’ म्हणून ओरडायचं. खडीवर मान वळली की हँडल वळतं आणि माणूस आडवा होतो, म्हणून दादानेच हे ठरवलं होतं.

तर एकटी असल्यामुळे दोन्ही कामं माझीच. पहिलं फाटक झालं, दुसरं झालं. दादा जिथे कोसळला तिथून मी पुढ्यातल्या खडीकडे बघत निघून गेले. तिसरं फाटक लावलं, सायकलवर बसले, चार पायडल मारली असतील, आणि मागे घंटी वाजली.

दोनदा. पहिला टोला स्वच्छ आणि दुसरा घशात अडकल्यासारखा. दादाच्या घंटीला पोचा होता ना, तसा.

मी मागे वळून बघितलं नाही. जी सुटले ती चौथं फाटक तसंच उघडं टाकून पुलापाशीच थांबले.

तू तेव्हा ओरडून ओरडून सांगत होतीस. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले की हृदय बंद पडलं, तो दुसऱ्या फाटकापुढे जागच्या जागी गेला. आणि तू म्हणत होतीस की तिसऱ्याला घंटी वाजली, चौथ्यालाही वाजली, तो मागे आहे असंच मला वाटत होतं. आई म्हणाली, “मेलेला माणूस उठून फाटकं लावतो होय गं? नवरा मागे पडला त्याचा हिला पत्ता नाही, आणि आता घंटीच्या गोष्टी सांगते.” महिन्याभरात तू बॅग भरलीस.

मला एवढंच सांग. दुसरा टोला अडकल्यासारखा होता का?

तुझी (अजूनतरी) नणंद


२२ फेब्रुवारी

वहिनी,

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, त्यात पाच शब्द. “होता. पण आता का विचारतेस?” कप्पाळ माझं. लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून तपासून तूही रिपोर्टसारखं लिहायला लागलीस की काय?

आता विचारतेय कारण मला आता ऐकू आलं. आणि मी काही भुताखेतांना मानणारी बाई नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे. कुठलाही आवाज आला की तो कुठून येतोय हे शोधणं हा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, सायकल रडते हो,” आणि मी दहा मिनिटांत दाखवून देते की रडत नाहीये, सीटचा नट सैल आहे.

तेव्हा मी पद्धतशीर शोधलं. माझ्या सायकलची घंटी काढून ठेवली. किल्ल्या, पंप, पाण्याची बाटली, सगळं काढलं. तारा ताणल्या. ब्रेक बघितले. टायरमधल्या हवेमुळे खडे उडून रिमवर आपटतात का, म्हणून एकदा हवा कमी करून गेले, एकदा जास्त करून गेले. तिसऱ्या फाटकाची कडी ग्रीस लावून मऊ केली, बिजागऱ्यांत तेल घातलं. फाटक आता इतकं मुकाट्याने लागतं की बघत राहावं.

घंटी वाजते ती वाजतेच.

मग दुकानाच्या माळ्यावर चढून दादाची सायकल खाली काढली. धूळ पुसली. त्याची घंटी जागेवरच आहे, पण आत गंज धरून स्प्रिंग अडकलंय. अंगठ्याने दाबलं तर हलतसुद्धा नाही. मी तशीच तिला हात लावून बसले होते. खूप रडले, सांगायला लाज कसली.

त्या दातांच्या डॉक्टरांना एकदा बरोबर नेलं होतं. तिसऱ्या फाटकापुढे म्हटलं, “काही ऐकलंत?” म्हणाले, “हो, माझे गुडघे.” त्यांना काही ऐकू आलं नाही. मागे घंटी वाजत होती आणि हे आपले केळं सोलत होते.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवसाची आठवली. मी पुलापाशी टेम्पो घेऊन तुमची वाट बघत थांबले होते. तू एकटीच आलीस, आपण थोडा वेळ थांबलो, मग दोघी उलट्या दिशेने त्याला शोधायला निघालो. मी पुढे होते. चौथं फाटक मी उघडलं. तिसरंही मीच उघडलं. वहिनी, दोन्हींना कडी होती. तू पुढे होतीस, तू तर ती उघडी टाकून आली असणार. मागून येणाऱ्याने लावायची म्हणून.

दुसरं कुणी वाटसरू असेल, असं मी मला बजावलं. पण त्या वाटेवर त्या दिवशी आपल्याशिवाय कुणी नव्हतं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती खिडकीतल्या खुर्चीत बसून असते. दोन घास खाते, ताट सारते. तुझं नाव घेत नाही, त्याचंही घेत नाही.

नणंद


१४ मार्च

वहिनी,

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं, मग शटर अर्धं ओढून परत वाचलं. एवढं मोठं पत्र तुझ्याकडून! आणि एवढं सगळं पोटात ठेवून तू कशी राहिलीस गं?

म्हणजे भांडण टायरवरून होतं. मला आजवर वाटायचं काहीतरी मोठं असेल. तू हवा कमी ठेवायचीस, कारण खडीवर हात भरून येतात. त्याने न विचारता पंप मारून टायर दगडासारखे करून ठेवले, वर म्हणाला, “आता पळेल बघ.” अगदी दादाच. माझ्याही सायकलला तो असाच न विचारता हात लावायचा, मी तर एकदा पाना फेकून मारला होता. तू फेकलं नाहीस काही. तू फक्त गप्प झालीस. पहिल्या फाटकाला त्याने घंटी वाजवली, तू ‘चल’ म्हणाली नाहीस. दुसऱ्याला वाजवली, नाही म्हणालीस. तिसऱ्याला, चौथ्याला, नाहीच. तू लिहिलंयस, “पुलापाशी पोचल्यावर बोलणारच होते. तोपर्यंत जरा झुरू दे म्हटलं.”

अगं, नवरा-बायकोत एवढंही रुसायचं नाही तर लग्न कशाला करायचं? तुझ्या ‘चल’ने त्याचं हृदय चालू राहिलं नसतं. इस्पितळात डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुझ्या-माझ्यासमोरच सांगितलं होतं. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये. तुझं मन राखायची मला सवय नाही.

पण मला एक कळलं. तुला आठवतं ना, एरवी उत्तर मिळाल्याशिवाय तो फाटक सोडायचा नाही; त्या दिवशी तुझा रुसवा बघून चौथ्यापर्यंत मागे आला तेवढाच. आपण मुद्दाम छळायचो त्याला. तो आपला वाजवतोय, वाजवतोय, आपण तोंडावर हात ठेवून हसतोय. “म्हणा की गं कुणीतरी, पाय दुखले माझे!”

गेल्यावर पहिलं लावलं त्या तिसऱ्या फाटकाशी परत जाऊन तो अजून उभा आहे, वहिनी. फाटक लावून, कडी घालून.

काल मी म्हटलं. तिसऱ्या फाटकापुढे घंटी वाजली आणि मी जोरात ओरडले, “चल!” पलीकडे नदी वाहत होती तेवढीच. मग परत वाजली. मी परत ओरडले. परत वाजली. मी बहीण आहे त्याची, एका ताटात जेवलोय आम्ही, पण माझ्या ‘चल’शी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला दुसऱ्याच माणसाचा आवाज हवाय.

तू लिहिलंयस की रजा काढून येतेस. ये, पण लगेच नको. सध्या वाट फार ओली आहे, काठाला चिखल आहे. थोडी वाळू दे.

नणंद


५ एप्रिल

वहिनी,

हो, चिखल आहे अजून. आणि पुढच्या आठवड्यात दुकानात सायकलींची खेप यायची आहे, मला मान वर करायला फुरसत नसेल. त्याच्या पुढच्या आठवड्यात कुठल्याशा कंपनीचे लोक सहलीला येणार आहेत, वाटेवर गर्दी असेल. तू आपली सावकाश ये. घाई कसली आहे?

आईला कळलं. मी सांगितलं नाही, तिनेच ओळखलं. रोज दुपारी दुकान बंद करून जाते कुठे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाटेवर. तर म्हणाली, “वाजते का?” म्हणजे एवढी दोन वर्षं तिच्या मनात ते घोळत होतं! मी हो म्हटलं. तिने चष्मा काढला. मग म्हणाली, “म्हणजे पोरगी खरं बोलत होती.” आणि पदराने चष्मा पुसायला लागली, पुसला तरी पुसतच राहिली.

त्या दिवसापासून मी घरी आले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “वाजवली का त्याने?” मी म्हणते, वाजवली. मग ती जेवायला उठते. नीट जेवते गं. काल तर वरून मला म्हणाली, मीठ कमी आहे. दोन वर्षांत तिला चव कळली नव्हती.

आणि मी? मी रोज जाते. आधी भीती वाटायची. आता दुपार व्हायची वाट बघते. दोन फाटकं कशीबशी मागे टाकते, तिसऱ्यापुढे पायडल थांबवते आणि सायकल आपोआप जाऊ देते, म्हणजे माझा स्वतःचा आवाज मध्ये येत नाही. झाडांखालची ती वाट तुला माहीत आहे, पानांचा थर आणि खाली खडी. मागे तो. मी त्याला दुकानातलं सांगत जाते. कुणी काय बिघडवून आणलं, कुणी चेन उलटी बसवली. त्याला हसू आलं असेल असं वाटतं. लोक म्हणतील हिला वेड लागलंय. म्हणू देत.

तेव्हा सावकाश ये.

नणंद


११ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र झोंबलं. “तू मला टाळते आहेस. तुमच्या घरात मला दुसऱ्यांदा खोटं पाडू नका.” असं लिहिताना तुझा हात कसा चालला?

बरोबर चालला. टाळतेच आहे.

वाट कधीच कोरडी झाली. खेप आलेली नाही, सहल नाही, काही नाही. मी थापा मारत होते. तू आलीस की तू ‘चल’ म्हणशील, आणि तू म्हणालीस की तो निघेल. मग मी दुपारी कुठे जाऊ? तो गेला तेव्हा तू निदान चार लोकांत रडलीस. मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, कारण कुणीतरी उघडायला हवं होतं. मला तो आत्ता कुठे परत मिळालाय, तीन महिनेही झाले नाहीत. आणि त्यात आई जेवायला लागलीय.

हे सगळं खरं आहे आणि तरी ते चूक आहे, हे मला काल कळलं. काल वारा होता, फांद्या पडल्या होत्या. घंटी एकदा वाजली, परत वाजली, परत. मी पार चौथ्या फाटकापर्यंत पोचले तरी मागे तिसऱ्यावर वाजतच होती. त्याचे पाय दुखत असतील गं. मी माझ्या सोयीसाठी त्याला तिथे उभं करून ठेवलंय.

ये. या रविवारी ये. सकाळची बस धर, मी स्टँडवर येते. तुझी सायकल मी तयार करतेय. टायरमध्ये हवा किती ठेवू ते कळव, मी न विचारता हात लावणार नाही.

आईला मी एवढंच सांगणार आहे की तू घंटी ऐकायला येतेयस. ‘चल’चं तिला काही माहीत नाही, आणि कळायलाही नको.

नणंद


२४ एप्रिल

वहिनी,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. त्या रविवारी बसमध्ये चढताना तू माझ्या दंडाला जोरात धरलंस, तिथे काळंनिळं झालंय. राहू दे.

तू पुढे होतीस, तेव्हा तुला मागचं काही दिसलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

तिसरं फाटक तू उघडलंस आणि निघालीस. मी लावलं, कडी घातली. माझ्या हँडलवर घंटी नव्हती, तू स्वतः तपासली होतीस. आणि वहिनी, ती माझ्या कानाशी वाजली. माझ्याच शेजारी, हात लांब केला असता तर लागला असता. तुझी पाठ ताठ झाली. तुझी सायकल डुगडुगली. मला वाटलं तू आता मागे बघणार आणि पडणार. तू बघितलं नाहीस. परत वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तू म्हणालीस, “चल.” इतक्या हळू म्हणालीस की मलाच जेमतेम ऐकू आलं. मग मोठ्याने, “चल रे, मी आहे पुढे.”

माझ्या शेजारून खडी चुरचुरत गेली. टायर दिसला नाही, माणूस दिसला नाही, पण खडे उडाले, एक माझ्या घोट्याला लागला. तो आवाज तुझ्या मागोमाग वळणापर्यंत गेला. मी फाटकाशी उभी होते. माझ्यासाठी जरासुद्धा थांबला नाही मेला. बायको दिसली की बहिणीला विसरायची त्याची जुनीच खोड.

चौथ्या फाटकाला काही वाजलं नाही. पुलापाशी तू कठड्याला टेकून नदीकडे बघत होतीस आणि तुझा चेहरा लग्नात होता तसा होता. तुला वळणापलीकडे काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. ते तुमच्या दोघांतलं.

आई तुला काय म्हणणार म्हणून मी मुद्दाम तुमच्या दोघींच्या मध्ये बसले होते. ती फक्त म्हणाली, “जेवून जा.” आणि तुझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं, तू पुरे म्हणालीस तरी वाढत राहिली. माफी मागणं तिला या जन्मी जमायचं नाही. तू ते सगळं मुकाट्याने संपवलंस, ते बरं केलंस. तुझं पोट बिघडलं असणार.

सोमवारी मी वाटेवर गेले. मंगळवारी गेले, बुधवारी गेले. काही नाही. पक्षी, पाणी, माझी चेन. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. पुलावर बसून तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग रडले. मग एका गिऱ्हाइकाची सायकल पंक्चर झाली होती, ते पंक्चर काढून दिलं आणि घरी आले.

घरी खिडकीत आई. “वाजवली का त्याने?”

मला वाटलं होतं सांगावं. काय बोलायचं ते सगळं ठरवून आले होते. आई, तो गेला, नीट गेला, आता वाट बघू नकोस. पण ती खुर्चीतून अर्धी उठली होती, जेवायला यायला. मी म्हटलं, “हो. वाजवली.” ती म्हणाली, “आज उशीर केला त्याने,” आणि ताटं घ्यायला गेली.

तेव्हापासून रोज म्हणतेय. किती दिवस म्हणणार, मला माहीत नाही. माझ्यावर तिचा पुरता विश्वास नाही, माझ्या डोळ्यांकडे बघते. आज म्हणाली, “रविवारी मी सूनबाईला फोन लावते. तिला विचारते. तिला पण ऐकू आली होती ना, ती सांगेल मला, अजून वाजते का ते.”

वहिनी, ती तुला विचारेल. तू हो म्हण.

तू त्या घरात एकदाही खोटं बोलली नव्हतीस, तरी आम्ही तुला खोटारडी ठरवलं. आता मी तुला खोटं बोलायला सांगतेय. पण तू हो म्हण. आता तू जे सांगशील ते आई खरं मानेल.

तुझी
वन्सं